टर्न अप म्हणजे नुसतं येणं नाही, उगवणं

इंग्रजीतलं टर्न अप कुठे वापरायचं यात खूप जण अडकतात, कारण डिक्शनरीत अर्थ दिसतो 'येणे, हजर होणे' आणि मग आपण अराइव्हच्या जागी सरळ तेच ठोकून देतो. खरं तर आपल्याकडे त्याला फिट्ट बसणारा शब्द आहे, उगवणं. जेवायला आठला ये म्हणून सांगितलेलं असतं, पोरगा साडेनऊला बेल वाजवतो आणि आई दारातच विचारते "उगवलास का आत्ता?" बस्स, हेच ते. ही टर्न्ड अप ॲट हाफ पास्ट नाइन. म्हणजे उशिरा आला, न सांगता आला किंवा येईल की नाही याचाच भरवसा नव्हता, असं काहीतरी त्यात बहुतेक वेळा असतंच.

नकारात तर हे फारच कामाचं. वी वेटेड फॉर ॲन अवर बट ही डिडन्ट टर्न अप, तासभर थांबलो पण पठ्ठ्या आलाच नाही. त्या 'आलाच' मधला 'च' आहे ना, तो डिडन्ट कम म्हटलं की निघून जातो. आणि डिडन्ट आलं की पुढे टर्न, टर्न्ड नाही, ही चूक मी रोज ऐकते.

ठिकाण असेल तर ॲट द ऑफिस, कामासाठी असेल तर फॉर द इंटरव्ह्यू, पण हिअर किंवा होम असेल तर मध्ये काहीच लावू नका.

हरवलेल्या वस्तूंनाही चालतं बरं का. चष्मा सापडत नाहीये, सगळं घर पालथं घातलं, तेव्हा "मिळेल गं, जातोय कुठे" म्हणतो ना, ते म्हणजे डोन्ट वरी, इट विल टर्न अप.

इंटरव्ह्यूच्या मेलमध्ये मात्र आय विल टर्न अप ॲट टेन लिहू नका, ते फार सैल वाटतं, आय विल बी देअर ॲट टेन लिहा. गाडी किती वाजता पोचते विचारायचं असेल तर गेट इन जास्त बरं, व्हॉट टाइम डज युअर ट्रेन गेट इन? आणि टर्न अप द टीव्ही म्हणजे आवाज वाढव, त्याचा येण्याशी काही संबंध नाही, तिथे पुढे वस्तू लागते, येण्याच्या अर्थाला लागत नाही.

बोलताना टर्न्ड अप हे दोन्ही शब्द जोडून टर्न्डप असं म्हणा, जोर अपवर.