तुरुंग सुधारणा कायद्याचा मसुदा कसा वाचायचा आणि त्यावर सूचना कशी पाठवायची

तुरुंगाच्या नव्या कायद्याचा मसुदा आला की बहुतेक लोक पहिली दोन पानं वाचतात, तिथे प्रतिष्ठा, पुनर्वसन, मानवी हक्क असं सगळं छान लिहिलेलं असतं आणि चला चांगला कायदा येतोय म्हणून फाईल बंद होते. प्लीज तसं करू नका. मसुदा शेवटाकडून वाचायला घ्या, म्हणजे तपासणी, तक्रार, आतल्या शिक्षा आणि पैसा ही प्रकरणं आधी, कारण आतल्या माणसाचे दिवस कसे जाणार ते तिथेच ठरतं.

बाजूला मंडेला रूल्स उघडून ठेवा. कैद्यांना कसं वागवायचं याचे हे नियम, संयुक्त राष्ट्रांनी १९५५ चे जुने नियम सुधारून २०१५ मध्ये मंजूर केले, एकूण १२२ नियम आहेत, नेटवर फुकट मिळतात. ते आपोआप कुठल्या देशावर बंधनकारक होत नाहीत, म्हणूनच तर ते देशाच्या कायद्यात उतरायला हवेत. बायकांच्या तुरुंगांसाठी संयुक्त राष्ट्रांचेच २०१० चे बँकॉक रूल्स पण बघा, बाळंतपणाच्या कळा चालू असताना बेड्या घालायच्या नाहीत एवढी साधी गोष्टसुद्धा लिहून ठेवावी लागली आहे.

सगळ्यात जास्त वेळ एकांतवासाच्या कलमावर घालवा. मसुद्यात 'एकांतवास बंद' असं लिहिलेलं असेल तरी पुढे 'विशेष देखरेख', 'प्रशासकीय विलगीकरण', 'सुरक्षा कक्ष' असलं काही आहे का शोधा, बऱ्याचदा खोली तीच असते फक्त पाटी बदललेली असते. म्हणून व्याख्या नावावर नको, तासांवर हवी. मंडेला रूल्सप्रमाणे दिवसाचे २२ तास किंवा जास्त, माणसांशी खरा संपर्क नसताना कोंडून ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांच्या वर तो चालणारच नाही. पण नुसतं 'सलग' लिहिलं तर १४ दिवस ठेवून एक दिवस बाहेर काढून परत आत टाकता येतं ना. न्यूयॉर्क राज्याने २०२१ च्या कायद्यात हे ओळखून सलग १५ दिवसांसोबत ६० दिवसांत एकूण २० ची मर्यादाही घातली. तुमच्या सूचनेत हा दुसरा आकडा नक्की मागा.

गर्दीच्या बाबतीत 'पुरेशी जागा' हे शब्द दिसले की लाल खूण करा. पुरेशी म्हणजे किती? युरोपातल्या छळ प्रतिबंधक समितीचा मापदंड आहे, एकट्याच्या कोठडीत ६ चौरस मीटर आणि एकत्र असतील तर प्रत्येकी ४, संडास-बाथरूम सोडून. आणि जागा भरली की पुढे काय करायचं तेही कायद्यात पाहिजे, नाहीतर आकडा नुसता कागदावर राहतो. कॅलिफोर्नियात शेवटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला २०११ मध्ये कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आदेश कायम करावा लागला, कारण गर्दीमुळे आजारी लोकांना उपचारच मिळत नव्हते.

डॉक्टरचं कलम छोटं असतं पण सोडू नका. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरच घेणार आणि तुरुंग अधिकारी तो फिरवू शकणार नाही असं स्पष्ट लिहिलंय का? डॉक्टर कोणाच्या हाताखाली आहे? इंग्लंडने २००६ पर्यंत तुरुंगातली आरोग्यसेवा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवली, हे उदाहरण द्यायला चांगलं आहे.

तक्रारीत एकच बघा, कैद्याचं पत्र न उघडता बाहेर जातं का. भारतात सुनील बत्रा नावाच्या कैद्याने दुसऱ्या कैद्यावर झालेल्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना पत्र पाठवलं आणि कोर्टाने तेच याचिका म्हणून घेतलं, १९७९ चा निकाल आहे. ते पत्र गेटवर अडलं असतं तर? तक्रार करणाऱ्यावर नंतर सूड उगवला जाऊ नये याची पण तरतूद मागा. तपासणी करणारे बाहेरचे असावेत, न कळवता येणारे, अधिकारी जवळ नसताना कैद्याशी बोलू शकणारे, आणि त्यांचा रिपोर्ट ठराविक दिवसांत जाहीर व्हायला हवा.

आता लिहायचं कसं. एका कलमाला एक परिच्छेद, आधी कलम क्रमांक, मग मसुद्यातलं वाक्य जसंच्या तसं, मग तुमचं बदललेलं वाक्य, मग दोन ओळीत कारण. 'शक्य असल्यास', 'आवश्यक वाटल्यास' हे शब्द खोडून तिथे कोणी करायचं आणि किती दिवसांत ते घाला. दहा पानांचा संताप पाठवण्यापेक्षा अशी तीन कलमं पाठवलेली बरी, कारण मसुदा दुरुस्त करणाऱ्याला तयार वाक्य हातात मिळतं. पाठवायच्या आधी आत राहून आलेल्या कोणाला किंवा त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवा, पाण्याची वेळ, मुलाखतीची (म्हणजे घरच्यांच्या भेटीची) रांग, रात्री कोणी आजारी पडलं तर हाक कोणाला मारायची असल्या गोष्टी त्यांनाच माहीत असतात. त्यांची नावं मात्र त्यांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय कुठेही टाकू नका. मुदतीच्या आत पाठवा आणि पोच घेऊन ठेवा, विधेयक सभागृहात आलं की तीच वाक्यं तुमच्या आमदार-खासदाराला दुरुस्ती म्हणून देता येतात.