पाण्याखाली घाबरायला झालं तर आधी श्वास सोडा

स्कूबा डायव्हिंग करताना, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली असताना, जीव घाबरा झाला की माणूस नुसता श्वास घेत सुटतो, पूर्ण सोडत नाही. छाती भरलेली असते, तरी हवा पुरत नाही असं वाटतं. सिलिंडरमध्ये हवा असते. अंगात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे गुदमरल्यासारखं होतं. म्हणून नवख्यांना मी हे सगळ्यात आधी सांगते: पाय मारणं थांबवा, जोडीदाराला खूण करा आणि सावकाश, पूर्ण श्वास सोडा. पुढचा आपोआप आत येतो. काही श्वासांत डोकं ताळ्यावर येतं. श्वास रोखून वर मात्र कधीच पळू नका. 10 मीटरवरून वर येताना फुफ्फुसातली हवा दुप्पट फुगते, फुफ्फुस फाटू शकतं.

मास्कमध्ये पाणी शिरण्याची भीती तर बहुतेकांना असते. प्रशिक्षक शेजारी असताना, उथळ पाण्यात गुडघे टेकून ती घालवा. मास्कची कड जराशी उचलून नाकापर्यंत पाणी येऊ द्या, तोंडाने श्वास चालू ठेवा. मग वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. हे जमलं की मास्क पूर्ण काढून मिनिटभर तसेच बसा. मला विचाराल तर हा एक मिनिट खोल डाइव्हपेक्षा जास्त धीर देतो.

उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासा. रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या उपकरणातून) दोन-तीन श्वास घेताना प्रेशर गेजच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्याकडे बघा. प्रत्येक श्वासाला काटा खाली पडून परत चढत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही.

सिलिंडरमध्ये 200 बार (हवेच्या दाबाचं माप) घेऊन उतरले तर मी 100 ला परत फिरते. वर आल्यावर 50 तरी शिल्लक हवेत. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही, आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचंच. सर्दी असेल तर उतरू नका. औषध घेऊन तर नकोच, त्याचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान-सायनस अडकतात.

जोडीदाराने अंगठा वर केला, म्हणजे ‘वर चला’ अशी खूण केली, की डाइव्ह तिथेच संपली. का, ते बोटीवर विचारा, तेही आवाज न चढवता.