पोडावरची बातमी

यवतमाळ जिल्ह्यात कोलाम या आदिवासी जमातीच्या एका संघटनेत मी जनसंपर्काचं काम करतो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. या कामात येऊ पाहणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय.

माझी पहिली प्रेस नोट दोन पानांची होती. 'आदिम जमातीवर घोर अन्याय', 'प्रशासन झोपेत', सगळं होतं तिच्यात. छापून आल्या तीन ओळी. तालुक्याच्या एका जुन्या वार्ताहरानं समजावलं, "भाऊ, अन्याय अन्याय काय लिहिता? घरं किती, हातपंप किती, बंद कधीपासून, अर्ज कोणत्या तारखेला देल्ला, ते सांगा." पुढची नोट सहा ओळींची केली, सोबत अर्जाची पोच जोडली. ती चौकटीत आली आणि आठवड्याभरात हातपंप दुरुस्त झाला. तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय मी कोणत्याच टेबलावरून हलत नाही.

वनहक्काचं काम करायचं असेल तर मेंढा-लेखा नीट समजून घ्या. गडचिरोलीतल्या या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतुकीचा पास हातात यायला एप्रिल 2011 उजाडला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यामागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट आणि सर्वसहमतीनं घेतलेले ग्रामसभेचे ठराव आहेत. ते नसते तर घोषणा भिंतीवरच राहिली असती, असं मला मनापासून वाटतं. कायदाही वाचा. कोलाम, कातकरी, माडिया गोंड या आदिम जमातींना 2006 च्या वनहक्क कायद्यात अधिवासाचा, म्हणजे पिढ्यानपिढ्या राहत आलेल्या परिसराचा, वेगळा हक्क आहे. वार्ताहराला हे तुम्हालाच सांगावं लागतं, तेही वनहक्काच्या दाव्यांवर निर्णय घेणाऱ्या समितीच्या बैठकीआधी. निर्णय झाल्यावर बातमी छापून उपयोग नाही.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. एका आजीचा फाटक्या लुगड्यातला फोटो मी न विचारता पेपरला पाठवला. पोडावर बैठक बसली. आजी कोलामीत बोलली, नातीनं मराठीत सांगितलं, "मले इचारलं असतं तर मी नवं लुगडं नेसून बसली असती." मी मान खाली घालून माफी मागितली.

आता फोटो आधी त्या माणसाला मोबाइलवर दाखवतो. मजकूर नाईकांसमोर, म्हणजे पोडाच्या प्रमुखांसमोर, वाचला जातो, कोलामीत तो तीच नात सांगते. मागच्या नोटेत मी 'बिचारे कोलाम' लिहिलं होतं. तिनं पेन मागून 'बिचारे' खोडलं.