पिक्सेल आर्ट मोठी करताना धार कशी टिकवायची

पिक्सेल आर्ट म्हणजे एकेक पिक्सेल, म्हणजे रंगाचा चौकोनी ठिपका, ठेवून काढलेलं लहान चित्र. असं ३२ बाय ३२ पिक्सेलचं चित्र फोटोसारखं ताणलं की धुरकट होतं, कारण बहुतेक सॉफ्टवेअर मुळात फोटोंचा विचार करून मोठं करतात. बायलिनियर, बायक्युबिक, लँक्झोस या पद्धती शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिसळून मधले रंग तयार करतात. फोटोला ते शोभतं. पिक्सेल आर्टमध्ये मात्र काळ्या बाह्यरेषेशेजारी राखाडी पट्टा उमटतो आणि आठ रंगांत नेटकं बसवलेलं चित्र शेकडो रंगांचं होतं.

इथे वापरायची पद्धत म्हणजे नियरेस्ट नेबर. ती नवा रंग बनवतच नाही, आहे तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा ठेवते. गिंप या मोफत चित्र-संपादकात ‘इमेज’ मेनूतल्या ‘स्केल इमेज’मध्ये जाऊन इंटरपोलेशन (मधले रंग भरण्याची पद्धत) ‘नन’ करा. फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइज’च्या चौकटीत रिसॅम्पलसमोर ‘नियरेस्ट नेबर’ निवडा. कंट्रोल-टी दाबून लेयर ताणत असाल, तर त्या वेळी वरच्या पट्टीत इंटरपोलेशनचा वेगळा पर्याय दिसतो, तोही बदलावा लागतो. बहुतेकांची गफलत इथेच होते. एसेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइलला हात न लावता एक्स्पोर्ट करतानाच रिसाइज ८०० टक्के करणं उत्तम.

एवढं करूनही चित्र बिघडू शकतं, ते पट चुकल्यामुळे. पट नेहमी पूर्ण आकड्यात घ्या: २, ३, ४, ८. ३२ चं ४८ केलंत, म्हणजे दीडपट, तर एक उभी ओळ दोन पिक्सेल रुंद होते आणि तिच्या शेजारची एकच राहते. समजा चेहऱ्याचे डोळे एकेका पिक्सेलचे आहेत, डावा १३ व्या ओळीत आणि उजवा २० व्या. एक ओळ विषम, दुसरी सम. त्यामुळे एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट रुंद होतो. रुंदी सम असलेल्या कुठल्याही समतोल चेहऱ्यात हे होणारच, कारण समोरासमोरच्या ओळींत एक सम आणि एक विषम असते.

ठरावीक मापात बसवायचं असेल तर आधी जवळचा पूर्ण पट घ्या आणि उरलेली जागा कॅनव्हास, म्हणजे चित्राभोवतीची रिकामी चौकट, वाढवून भरा. इन्स्टाग्रामसाठी १०८० रुंदी हवी असेल तर ३२ चं चित्र ३३ पट करा, १०५६ होईल. मग दोन्ही बाजूंना १२ पिक्सेल सोडा. व्हॉट्सॲप स्टिकर ५१२ बाय ५१२ चा असतो आणि कडेने १६ पिक्सेल मोकळे ठेवावेत असं सांगितलेलं असतं. ३२ चं चित्र १५ पट केलं की ४८० होतं, त्यात दोन्हीकडचे १६ धरले की बरोबर ५१२. छपाईत ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हेच ४८० पिक्सेल साधारण ४ सेंटिमीटर भरतात.

अपूर्णांकी पट टाळणं शक्यच नसेल, तर आधी नियरेस्ट नेबरने १६ पट करा आणि मग बायक्युबिकने हव्या मापावर खाली आणा. मूळ पिक्सेलांचे चौकोन एकसारखे दिसतात, फक्त त्यांच्या कडा किंचित मऊ होतात.

सेव्ह करताना पीएनजीच. जेपीईजी कडांभोवती डाग पाडतं. व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वेबसाइटवर मूळ लहान फाइल ठेवून सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) इमेज-रेंडरिंगला पिक्सलेटेड किंमत द्या. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर मोड ‘पॉइंट’ आणि कॉम्प्रेशन ‘नन’ ठेवा. आणि फाइल बिघडली असं ठरवण्याआधी ती १०० टक्क्यांवर पाहा. फोटो दाखवणारी बरीच ॲप झूम करताना स्वतःच चित्र गुळगुळीत करतात.

लहान करणं वेगळं प्रकरण आहे. ३२ चं १६ करताना एकाआड एक ओळ गळते आणि एका पिक्सेलची बाह्यरेषा तुटते. तिथे नव्याने काढण्याला पर्याय नाही.

आधीच धुरकट झालेलं चित्र मात्र पुष्कळदा वाचवता येतं. झूम करून एक चौकोन किती पिक्सेलचा आहे ते मोजा. ५१२ रुंदीच्या चित्रात चौकोन १६ चा निघाला, तर मूळ रुंदी ३२. स्क्रीनशॉट असेल तर तो आधी चौकोनाच्या कोपऱ्यापासून काटेकोर कापा, नाहीतर पुढचं सगळं सरकतं. मग नियरेस्ट नेबरने ३२ वर आणा. चौकोनाच्या मध्यातला रंग उचलला जातो आणि तो सहसा मूळ रंगाच्या जवळचा असतो. त्यानंतर गिंपमध्ये ‘मोड’मधून ‘इंडेक्स्ड’ निवडून रंगांची संख्या मूळ चित्राइतकी द्या आणि डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या रंगाचा भास करणं) बंद ठेवा. उरलेले चुकार पिक्सेल पेन्सिल टूलने भरा. ब्रश नको, त्याची कड मऊ असते.