स्कूबा डायव्हिंगसाठी वजन किती बांधायचं? शिशाचा हिशेब पाण्यात कसा करावा

पुण्या-मुंबईत कोर्सचं सुरुवातीचं शिक्षण स्विमिंग पूलमध्ये होतं आणि पुढच्या डाइव्ह कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर, गोव्यात किंवा अंदमानात. तिथे बोटीवर पहिला प्रश्न येतो, "वेट किती लावू?" वेट म्हणजे पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात बांधायची शिशाची वजनं. कोणी पूलमधला आकडा सांगतं, कोणी समोरचा देईल ते मुकाट्याने बांधतं. मग पाण्यात कधी तळाशी आपटणं, कधी फुग्यासारखं वर निसटणं सुरू होतं आणि माणूस स्वतःच्या पोहण्याला दोष देत बसतो. दोष बहुतेक वेळा पोहण्यात नसतो, कमरेच्या शिशात असतो.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. वजन डाइव्हच्या सुरुवातीसाठी बांधायचं नसतं, शेवटासाठी बांधायचं असतं. शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा सुरक्षिततेचा थांबा असतो, सिलिंडरमध्ये ५० बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास हवा उरलेली असते. त्या वेळी बीसीडी (हवा भरून किंवा सोडून तरंगणं कमी-जास्त करायचं जॅकेट) रिकामं ठेवूनही तुम्ही एका जागी स्थिर राहू शकलात, तर वजन बरोबर आहे.

शेवटच का? कारण हवेलाही वजन असतं. भाड्याने सहसा सुमारे ११ लिटरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर मिळतं. ते २०० बारपासून ५० बारपर्यंत वापरलंत, तर साधारण १,६५० लिटर हवा खर्च होते. एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅमची, म्हणजे डाइव्हभरात तुम्ही २ किलोनी हलके होता. भरलेलं असताना बुडणारं हेच सिलिंडर शेवटी तरंगायला बघतं. सुरुवातीला अगदी बेतशीर वाटलेलं वजन म्हणूनच सेफ्टी स्टॉपला कमी पडतं.

पहिली पायरी: आकडा कुठून सुरू करायचा

पूलमधला आकडा समुद्रात तसाच चालत नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे ते तुम्हाला जास्त जोराने वर ढकलतं. तुमचं आणि सगळ्या सामानाचं मिळून वजन १०० किलो भरत असेल, तर समुद्रात सुमारे २.५ किलो शिसं जास्त लागेल. अट एवढीच, की अंगातला वेटसूट आणि सिलिंडर तेच हवं. सूट जाड झाला की वजन आणखी वाढतं, कारण निओप्रीनमधल्या, म्हणजे सुटाच्या रबरातल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांमुळे तो तरंगतो. नवा ५ मिमीचा सूट, वापरून चेपलेल्या ३ मिमीच्या सुटापेक्षा बराच जास्त वर ओढतो. स्टीलचं सिलिंडर असेल तर सहसा शिसं कमी लागतं. शरीराच्या अमुक टक्के वजन बांधा, अशी सूत्रं सांगितली जातात. तो फक्त अंदाज असतो, खरा निकाल पाण्यात लागतो.

दुसरी पायरी: पृष्ठभागावरची चाचणी

ही चाचणी दोन मिनिटांची आहे, तरी घाईत सगळ्यात आधी तिलाच फाटा दिला जातो. डाइव्ह मास्टरला आधी सांगून ठेवा आणि ती कराच.

पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात पूर्ण सामानासह उतरा. मास्क लावलेला, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं यंत्र) तोंडात, बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, शेजारी. सुटाची मान ओढून आत पाणी जाऊ द्या, नाहीतर अडकलेली हवा आकडा चुकवते. आता इन्फ्लेटरची नळी (बीसीडीत हवा भरायची-सोडायची नळी) डोक्याच्या वर धरून डावा खांदा किंचित उचला आणि बीसीडीतली सगळी हवा काढा. शरीर उभं ठेवा आणि पायांची अढी घाला. हे महत्त्वाचं, कारण नवशिक्याचे फिन्स (पायातले पंखे) नकळत चालू राहतात आणि मग तो लाथांवर तरंगतोय की पाण्यावर, हे कळतच नाही.

आता नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाण्याची रेषा डोळ्यांच्या पातळीवर, मास्कच्या मधोमध यायला हवी. श्वास सोडलात की डोकं सावकाश पाण्याखाली जायला हवं. श्वास भरलेला असतानाच बुडत असाल तर १ किलो काढा. श्वास सोडूनही हनुवटी पाण्याबाहेर राहत असेल तर १ किलो वाढवा आणि पुन्हा बघा.

चाचणी भरलेल्या सिलिंडरवर केली असेल, तर जमलेल्या आकड्यात २ किलो मिळवा. ५० बारवर केली असेल तर आकडा आहे तसाच ठेवा.

आणखी एक. मनात धाकधूक असली की माणूस छाती भरलेलीच ठेवतो आणि श्वास पूर्ण सोडत नाही. फुप्फुसात उरलेली लिटरभर हवा म्हणजे जवळजवळ एक किलोचं तरंगणं. म्हणून शिसं वाढवण्याआधी मिनिटभर शांतपणे, लांब श्वास सोडत राहा. पुष्कळदा तेवढ्यानेच माणूस खाली जातो.

"दोन किलो जास्त असू दे" का नको

बोटीवर हे वाक्य हमखास कानावर पडतं. जड माणूस पटकन खाली जातो, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण गणित बघा. गरजेपेक्षा ३ किलो जास्त बांधलंत, तर २० मीटरवर ते तोलायला बीसीडीत ३ लिटर जादा हवा भरावी लागते. तिथे दाब ३ बार असतो. वर येताना १० मीटरवर दाब २ बार होतो आणि तीच हवा ४.५ लिटर होते. ५ मीटरवर ती ६ लिटर होते. वेळेवर सोडली नाहीत तर ३ किलोचा जादा जोर तुम्हाला वर ओढू लागतो, तोही नेमका सेफ्टी स्टॉपच्या जागी. म्हणजे जास्त शिसं बांधलेला माणूसच वर निसटतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण घडतं तसंच.

शिवाय जड कमरेमुळे पाय खाली लोंबतात, फिन्स तळाला लागतात, वाळू उडते आणि प्रवाळ मोडतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, ते तिथल्या याच जीवसृष्टीसाठी. एका लाथेने तुटलेली फांदी पुन्हा वाढायला कित्येक वर्षं जातात. हे मला मनापासून लागतं, आणि ते टाळणं एवढं सोपं असताना तर जास्तच.

कमी वजनही धोक्याचंच. स्टॉपला थांबताच येत नाही.

तिसरी पायरी: वजन कुठे बांधायचं

पाण्यात आडवे व्हा, फिन्स हलवू नका. पाय खाली जात असतील तर १-२ किलो कमरेवरून काढून सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या खिशात घाला, किंवा सिलिंडर थोडं वर सरकवून बांधा. डोकं खाली जात असेल तर उलट करा. शिसं दोन्ही बाजूंना सारखं असू द्या. बेल्टचं बकल एका हाताने झटक्यात सुटतंय ना, हे उतरण्यापूर्वी तुम्हीही बघा आणि बडीलाही दाखवा.

चौथी पायरी: खाली गेल्यावर

खोलीवर सूट चेपतो आणि तुम्ही जड होता. बीसीडीत हवा भरायची ती अगदी थोडी, बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं. मग थांबा. परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात दुसऱ्यांदा बटण दाबलं की गडबड होते. बारीकसारीक वर-खाली श्वासावर सोपवा. श्वास मात्र कधीही रोखून धरू नका, वर येताना तर मुळीच नाही, फुप्फुसांना इजा होऊ शकते. वर यायला लागण्याआधीच थोडी हवा सोडा आणि मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेगाने येऊ नका.

सेफ्टी स्टॉपला गेज (सिलिंडरचा दाब दाखवणारा मापक) बघा. ५० बारच्या आसपास असताना बीसीडीत हवा ठेवावी लागली, तर पुढच्या डाइव्हला १ किलो कमी करा. बीसीडी रिकामं करूनही वर जात असाल तर १ किलो वाढवा. मग बोटीवर आल्या आल्या लॉगबुकात लिहा: पाणी गोडं की खारं, सूट किती मिलिमीटरचा, सिलिंडर कशाचं, शिसं किती आणि शेवटचा दाब. यातलं काहीही बदललं, किंवा वर्षभराने पाण्यात उतरत असाल, तर पृष्ठभागावरची चाचणी पुन्हा करा.