आधी पित्त सांग, मग ऑपरेशन ठरव

चोपड्याचा भाचा पुढच्या महिन्यात वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी नाशिकला जातोय. परवा फोनवर विचारत होता, "मामा, स्लीव्ह करू का बायपास?" दोन्ही जठर लहान करायचीच ऑपरेशनं (हा बायपास हृदयाचा नाही), आणि माझी दोन्ही झालीत. हौस म्हणून नाही, पहिलं चुकलं म्हणून दुसरं करावं लागलं. त्याच्यासाठी लिहितोय, बाकी ज्याला लागेल त्याने वाचावं.

जुने रिपोर्ट, आधार, चालू गोळ्यांची नावं, हे तुला कळतं. पॉलिसीचं मात्र नीट बघ. बहुतेक पॉलिसींत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 किंवा त्याहून जास्त लागतो. 35 च्या वर असेल तर सोबत न आवरणारी शुगर, हृदयाचा आजार किंवा झोपेत श्वास अडकायचा गंभीर त्रास लागतो. वर वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळायला थांबायचा काळ, असतो तो वेगळा. तारीख घेण्याआधी लेखी विचार. एजंटच्या "हो जाएगा"वर जाऊ नको.

आता पित्त. डॉक्टरांना पित्त सांग. माझ्या फॉर्मवर 'इतर त्रास' असा रकाना होता आणि त्यात मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं. घरी रोज रात्री उशाशी ईनोची पुडी आणि पाण्याचा तांब्या. बायको म्हणाली, लिहा ना. मी म्हटलं, भुसावळात राहून शेवभाजी खाणाऱ्या कोणाला पित्त नाही? तो काय आजार आहे?

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आपल्या केळ्यांच्या मुलखात हे वेगळं समजवायला नको. नळी अरुंद, म्हणून आत दाब जास्त, म्हणून आम्ल वर घशाकडे येतं. आधीच जळजळ असेल तर ती वाढू शकते. माझी वाढली. लोक माझ्या ढिल्या पँटीचं कौतुक करत होते आणि मी पहाटे तीनला बेसिनपाशी उभा. वर्षभर तीन उशा लावून अर्धवट बसून झोपलो. शेवटी स्लीव्हचं बायपास करून घेतलं. कापलेलं जठर परत जोडता येत नाही.

म्हणून एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी. कोणी गरज नाही म्हणालं तरी मागून घे. अन्ननलिका सोललेली आहे का, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) आहे का, ते त्यात दिसतं. आठवड्यातून किती रात्री जळजळ होते, किती गोळ्या लागतात, हे कागदावर लिहून ने, तोंडी सांगायला गेलास की "तसं काही नाही" म्हणशील. पित्त जुनं असेल तर डॉक्टरांचा कल सहसा बायपासकडे असतो. त्यात जठराची छोटी, साधारण 30 मिलीची पिशवी वेगळी करून आतड्याला जोडतात, आणि आम्ल बरंचसं खालीच राहतं. मिनी बायपास (एकाच जोडाचा) सुचवला तर आणखी एक घोळ आहे. आपण आम्लालाही पित्त म्हणतो आणि यकृतातून येतं तेही पित्तच. मिनीमध्ये हे दुसरं वर येऊ शकतं. कोणतं पित्त म्हणताय, हे तू आणि डॉक्टर दोघांनी आधी ठरवून घ्या.

बायपासही फुकट नाही. बी12, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन यांच्या गोळ्या जन्मभर, आणि दरवर्षी रक्ततपासणी. स्लीव्हवाल्यांनाही गोळ्या सुटत नाहीत. गुडघा दुखला म्हणून मेडिकलवरून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून खायची नाही, जोडाजवळ अल्सर होतो. तंबाखू-विडीनेही तेच. जिलेबीचा एक वेढा खाल्लास तरी छाती धडधडून घाम फुटू शकतो. मी घरच्या बारशात हे करून बसलोय.

ऑपरेशनआधी लिव्हर आकसावं म्हणून दोनेक आठवडे कमी खायला सांगतात. ते पाळ.

नंतर आधी पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी फार उशिरा. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन पाहिजे, एका अंड्यात असतं सहा, आणि पोटात मावते अर्धी वाटी. हिशोब तूच कर, मग पावडरीला नाकं मुरडू नको. जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास नाही. एरवीही घटाघटा पिता येत नाही, घोट घोटच. आपल्याकडच्या 45 अंशांत हे फार जड जातं, जमलं तर उन्हाळा टाळ. लग्नात "काय भो, इतलंच?" म्हणून कोणीतरी वाढणारच; ताटावर हात आडवा धर.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, येतात परत. उलट्या थांबत नसतील तर घरी लिंबूपाणी करत बसू नको, बी1 कमी पडलं तर मेंदूवर जातं, सरळ दवाखाना. दारू लवकर चढते. पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्याची गोळी दिली तर बंद करू नको. चालणं, झोप वगैरे सांगतीलच.

फोन ठेवता ठेवता मी त्याला विचारलं, जळजळ होते का रे? म्हणाला, "कधीमधी रात्री. ते काय लिहायचं, मामा?"

फॉर्म परत माग. लिही.