पेट्रोल पंपावर दारूविक्रीचा अर्ज आला, तर हरकत कशी नोंदवावी : इंग्लंडमधील रहिवाशांसाठी

इंग्लंडमधल्या वस्त्यांत पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानाने दारूविक्रीच्या परवान्यासाठी अर्ज केला की आसपासच्या गल्ल्यांत नाराजी पसरते, पण ती नाराजी काउन्सिलपर्यंत पोहोचल्यावर तिचे वजन पडतेच असे नाही. कायद्याने जे विचारात घ्यायला सांगितले आहे ते सोडून भलत्याच गोष्टी हरकतीत लिहिल्या जातात, हे त्याचे एक मोठे कारण आहे. महाराष्ट्रातून इथे आलेल्या आपल्या मंडळींच्या मनात शाळा-मंदिरापासूनचे ठरावीक अंतर, ग्रामसभेचा ठराव, महिलांच्या मतदानाने आडवी झालेली बाटली हे सगळे असते. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००३ च्या लायसेन्सिंग ॲक्टमध्ये यातले काहीही नाही. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तो या लेखाच्या कक्षेबाहेर.) इथे रहिवाशांच्या हाती मतदान नाही, पण लेखी हरकत आणि सुनावणी आहे, आणि नीट तयारी केली तर त्यांचा उपयोग होतो.

सुरुवात तारखेपासून

अर्जदाराने फिकट निळ्या कागदावर, ए-फोर किंवा त्याहून मोठ्या आकारात, बाहेरून सहज वाचता येईल अशी नोटीस पंपावर लावणे बंधनकारक असते. ती दिसताच मोबाइलवर तिचा स्पष्ट फोटो काढावा आणि त्यातल्या दोन गोष्टी टिपून घ्याव्यात : कोणत्या वेळांसाठी परवाना मागितला आहे, आणि हरकतीची शेवटची तारीख कोणती. अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सलग २८ दिवस हरकती घेतल्या जातात. सुट्टीचे दिवसही त्यातच मोजले जातात, आणि मुदतीनंतर आलेले पत्र कितीही मुद्देसूद असले तरी काउन्सिलला ते विचारात घेता येत नाही.

मग काउन्सिलच्या लायसेन्सिंग विभागाला ईमेल करून पूर्ण अर्जाची प्रत मागवावी. नोटिशीत केवळ सारांश असतो; दुकानाचा नकाशा आणि अर्जदाराने स्वतःहून देऊ केलेल्या अटी मूळ अर्जातच सापडतात. त्या न वाचता हरकत लिहिली, तर अर्जदाराने आधीच मान्य केलेल्या गोष्टीची मागणी करण्यात आपले पत्र खर्ची पडते.

पंप आहे की दुकान?

पेट्रोल पंपाच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे की जो इतर दुकानांना लागू होत नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ त्यावरच द्यावा. कायद्याच्या कलम १७६ नुसार जी जागा मुख्यत्वे गॅरेज म्हणून वापरली जाते, तिथे दारू विकता येत नाही. गॅरेज म्हणजे पेट्रोल किंवा डिझेलची किरकोळ विक्री, वाहनांची विक्री किंवा वाहनांची देखभाल. ‘मुख्यत्वे’ कशाला म्हणायचे हे काउन्सिलने प्रत्यक्ष परिस्थिती पाहून ठरवायचे असते, आणि त्यासाठी ग्राहक त्या जागेचा वापर कशासाठी किती करतात हे बघावे, असे सरकारी मार्गदर्शिका सांगते. नुसत्या उलाढालीवर हे ठरत नाही, कारण टाकी एकदा भरली तरी बिल मोठे होते आणि दुधाच्या पिशवीचे बिल लहानच राहते.

म्हणून अर्जदाराकडे ग्राहकांच्या व्यवहारांची आकडेवारी आहे का, हे काउन्सिलमार्फत विचारावे. ती मिळाली की तिचे तीन रकाने होतात का ते पाहावे : फक्त इंधन घेणारे, फक्त दुकानातून खरेदी करणारे, आणि दोन्ही घेणारे. समजा, एखाद्या आठवड्यात फक्त इंधनाचे १५००, फक्त दुकानाचे १९०० आणि दोन्हीचे ६०० व्यवहार झाले. हे ६०० दुकानाच्या बाजूला टाकले तर दुकान २५०० आणि इंधन १५००, म्हणजे दुकान स्पष्टपणे पुढे. तेच इंधनाच्या बाजूला टाकले तर इंधन २१०० आणि दुकान १९००, म्हणजे निष्कर्षच उलटतो. आकडे तेच असतात, फरक पडतो तो मधल्या रकान्याचा. त्यामुळे तो स्वतंत्र दाखवला नसेल, तर तो स्वतंत्र दाखवावा अशी लेखी मागणी करावी. आकडेवारी किती महिन्यांची आहे आणि पंपावरच कार्डाने पैसे भरून दुकानात न शिरता निघून जाणारे ग्राहक तिच्यात धरले आहेत का, हेही विचारावे.

आकडे पुरेसे नसतील, तर मुख्य वापराचा निर्णय होईपर्यंत परवाना लांबणीवर टाकण्याची मुभा काउन्सिलला आहे. मात्र परवाना देऊन पुढे काही निघाल्यास कारवाई करू, असे म्हणण्याचीही मुभा आहे, हे लक्षात ठेवावे.

हरकत कशावर टिकते

या कायद्यात उद्दिष्टे चारच आहेत : गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे अपायापासून संरक्षण. हरकतीतले प्रत्येक वाक्य यांपैकी एकाशी जोडलेले असावे. परिसरात दारूची दुकाने आधीच पुष्कळ आहेत आणि आणखी एकाची गरज नाही, घरांच्या किमती उतरतील, दारू हे व्यसन आहे, अशा मुद्द्यांच्या बळावर अर्ज नाकारता येत नाही. सार्वजनिक आरोग्य हे इथे स्वतंत्र उद्दिष्ट नाही, याची मला मनापासून खंत वाटते, पण पत्र लिहिताना कायदा जसा आहे तसाच धरून चालावे लागते. दुकानांची गर्दी हाच मुद्दा असेल, तर काउन्सिलने त्या भागासाठी एकत्रित परिणामाचे (cumulative impact) धोरण, म्हणजे एका भागातल्या पुष्कळ परवान्यांचा मिळून होणारा परिणाम विचारात घेणारे धोरण, जाहीर केले आहे का, हे तपासावे. तसे धोरण असेल तर या मुद्द्याला कायदेशीर आधार मिळतो.

दुसरी कसोटी पुराव्याची. २००८ साली थ्वेट्स नावाच्या कंपनीच्या प्रकरणात हायकोर्टाने स्पष्ट केले की परवान्याचे निर्णय प्रत्यक्ष पुराव्यावर घ्यायचे असतात, नुसत्या अंदाजावर नव्हे. त्यामुळे ‘इथे रात्री गोंधळ होईल’ असे लिहिण्याऐवजी, आजच्या घडीला रात्री साडेअकरानंतर पंपाच्या आवारात गाड्या थांबवून मोठ्याने गाणी लावली जातात, ती कोणत्या तारखांना लागली आणि त्या वेळी काउन्सिलकडे किंवा पोलिसांकडे तक्रार केली होती का, हे लिहावे. पोलिसांच्या सार्वजनिक संकेतस्थळावर महिन्यागणिक गुन्ह्यांचा नकाशा असतो, त्यावरून आपल्या रस्त्याची माहिती जोडता येते. पंप शाळेच्या वाटेवर असेल तर अंतर सांगून थांबू नये. शाळा सुटल्यावर किती मुले त्या दुकानात शिरतात आणि काउंटरवर त्या वेळी किती कर्मचारी असतात, हे सांगितले तर मुलांच्या संरक्षणाचा मुद्दा उभा राहतो.

एकच मजकूर छापून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या घेण्यापेक्षा, चार घरांनी आपापला अनुभव आपापल्या शब्दांत लिहिलेला बरा. पत्रावर नाव आणि पत्ता लागतो, आणि पत्राची प्रत अर्जदाराला जाते. त्यामुळे व्यक्तिगत आरोप टाळावेत. धमकीची खरी भीती असेल तर तपशील गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, पण ती अपवादानेच मान्य होते.

‘नको’ म्हणण्याबरोबर ‘असे असावे’ हेही सांगावे

पोलिसांनी हरकत घेतलेली नसेल, तर केवळ रहिवाशांच्या पत्रांवर अर्ज साफ फेटाळला जाणे अवघड असते. म्हणून पत्राच्या शेवटी, परवाना द्यायचाच असल्यास कोणत्या अटी हव्यात हे नेमके लिहावे. रात्री अकरानंतर दुकानाचे दार बंद ठेवून खिडकीतूनच विक्री, सुटा कॅन न विकणे, ठरावीक तीव्रतेपेक्षा कडक बिअर आणि सायडर न ठेवणे, व्हिस्की-व्होडकासारख्या स्पिरिटच्या बाटल्या काउंटरच्या मागे, पंचविशीच्या आतल्या दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागणे, नाकारलेल्या विक्रीची नोंदवही, आणि सीसीटीव्हीचे चित्रण ३१ दिवस जपणे, अशा अटी प्रत्यक्षात घातल्या जातात. यातल्या नेमक्या कोणत्या अटींनी आपल्या गल्लीचा प्रश्न सुटेल ते निवडावे, सरसकट सगळ्या मागू नयेत.

पत्रे गेल्यावर अर्जदाराचा वकील किंवा सल्लागार अनेकदा संपर्क साधतो आणि वेळ कमी करण्याची तयारी दाखवतो. बोलणे जरूर करावे, पण जे ठरेल ते अर्जातच लेखी बदलून आल्याशिवाय हरकत मागे घेऊ नये.

सुनावणी

हरकत कायम राहिली तर तीन नगरसेवकांच्या उपसमितीपुढे सुनावणी होते. तिच्या सूचनेसोबत आलेला फॉर्म, आपण येणार आहोत की नाही आणि सोबत कोण बोलणार हे लिहून, वेळेत परत पाठवावा. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला आपल्या वतीने बोलायला सांगता येते. बोलण्याचा वेळ सर्व पक्षांना सारखा मिळतो आणि बहुधा थोडाच असतो, म्हणून पत्र पुन्हा वाचून दाखवू नये; सर्वांत भक्कम दोन मुद्दे आणि हव्या असलेल्या अटी एवढेच बोलावे. नवे फोटो किंवा कागद ऐनवेळी काढले, तर ते सर्व पक्षांच्या संमतीशिवाय स्वीकारले जात नाहीत, म्हणून ते आधीच पाठवावेत.

निर्णय कारणांसह लेखी मिळतो. तो मान्य नसेल तर, हरकत नोंदवलेली असल्यास, कळवल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येते. पण तिथे खर्च अंगावर पडू शकतो, म्हणून आधी सल्ला घ्यावा. बहुतेकांसाठी जास्त उपयोगी मार्ग पुनर्विलोकनाचा आहे. परवाना मिळाल्यावर चार उद्दिष्टांपैकी एखाद्याला बाधा येत असेल, तर कोणताही रहिवासी परवान्याच्या पुनर्विलोकनासाठी अर्ज करू शकतो, आणि उपसमिती अटी वाढवू शकते, परवाना तात्पुरता थांबवू शकते किंवा रद्दही करू शकते. परवान्याचा सारांश दुकानात दिसेल असा लावलेला असतो, पण अटींचा पूर्ण तपशील काउन्सिलच्या नोंदवहीत मिळतो. त्याची प्रत घरी ठेवावी, आणि अट मोडलेली दिसली की तारीख, वेळ आणि काय घडले हे त्याच दिवशी लिहून लायसेन्सिंग अधिकाऱ्याला कळवावे.